गाय गाभण होती तोवर

तांबडी गाय गाभण आहे असं म्हाताऱ्यानं जाहीर केलं आणि त्या दिवसापासून घरात दुसरा शब्द उरला नाही. गाय गाभण आहे, दारात भांडी आपटू नका. गाय गाभण आहे, तिला काडी झालेला चारा घालू नका. गाय गाभण आहे, तिच्यासमोर तोंड वाकडं करून उभी राहू नकोस, असंही एकदा सुनेला ऐकावं लागलं. ती बिचारी उन्हामुळं डोळे बारीक करून उभी होती, एवढंच.

म्हाताऱ्याला आसपासच्या वस्त्यांवर पारखी म्हणत. गाय असो, म्हैस असो, पोटात काही आहे की नाही हे तो नुसत्या हातानं सांगतो अशी त्याची ख्याती होती. कुणी बोलावलं की तो सदऱ्याची बाही वर सारून जायचा. जनावराच्या उजव्या कुशीवर तळवा दाबायचा, डोळे मिटायचा, श्वास कोंडून धरायचा. भोवतालची माणसंसुद्धा श्वास कोंडायची. मग तो पाणी मागायचा, पेला रिकामा करायचा, मिशा पुसायचा आणि म्हणायचा, "आहे." किंवा म्हणायचा, "नाही." बहुतेक वेळा तो आहे असंच म्हणायचा, कारण आहे म्हटलं की चहा मिळायचा.

तो चुकायचा का? वरचेवर चुकायचा. पण चुकून कुणाच्या हाती लागला तर तो पारखी कसला. गाय रिकामी निघाली की तो शांतपणे सांगायचा, होतं, पण गाभडली. तुम्ही नीट सांभाळली नाही. उन्हात बांधली असेल, दगड मारला असेल, उतारावरून पळवली असेल. मालक आठवून आठवून आपलंच काहीतरी चुकलं म्हणायचा आणि मान खाली घालायचा. असा हा म्हाताऱ्याचा हात आयुष्यभर एकदाही खोटा ठरला नव्हता.

उन्हाळा कडक होता. गोठ्यापाशी हातपंप होता, तो फेब्रुवारीतच खाकरायला लागला आणि पुढं पुढं दांडा हलवला की नुसती हवा सोडायचा. बाकीची जनावरं म्हाताऱ्यानं चाऱ्याअभावी विकून टाकली होती. राहिली ती तांबडी. पाणी होतं ते खाली, बंद पडलेल्या दगडाच्या खाणीत. घरापासून खाणीपर्यंत मुरमाचा उतार, त्यावर सुटे खडे. पाऊल पडलं की खडे घसरायचे आणि माणूस त्यांच्याबरोबर. आजवर जनावरं आपल्या पायांनी उतरून पाणी पिऊन यायची. पण आता तांबडी गाभण होती. गाभण गाईला उतारावरून न्यायचं नाही, असा म्हाताऱ्याचा हुकूम सुटला. मग पाणी वर आणायचं. कोणी आणायचं हे त्यानं सांगितलं नाही. ते सांगावं लागत नाही.

सून आणायची. डोक्यावर हंडा, कमरेवर कळशी. सकाळी गाईचं पाणी, मग घरचं पाणी, दुपार कलली की पुन्हा गाईचं. तांबडी होती खादाड आणि पाणीही तसंच प्यायची. हौदात नाक बुडवायची ती तळ दिसेपर्यंत वर काढायची नाही. मग सुनेकडं बघायची, अजून आण म्हणून.

आणि सुनेच्या पोटात चौथा महिना चालू होता.

हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं आणि कुणालाच ठाऊक नव्हतं. सासूला, म्हणजे आत्याबाईंना, पहिल्याच महिन्यात कळलं होतं; धुण्याच्या दोरीवरून बायकांना सगळं कळतं. नवऱ्याला सुनेनं स्वतः सांगितलं होतं. म्हाताऱ्यानं तिला गोठ्यामागं ओकताना दोनदा पाहिलं होतं आणि दोन्ही वेळा गाईच्या बाजूला घाण करू नकोस एवढंच तो बोलला होता. पण तो शब्द कुणी काढला नव्हता. गाईसाठी दिवसाकाठी शंभरदा निघणारा शब्द माणसासाठी कुणाच्या जिभेवर येत नव्हता. ती पोटुशी आहे, तिला दिवस गेलेत, तिला बाळ होणार आहे, यातलं काहीही म्हटलं असतं तरी चाललं असतं. पण म्हटलं की हंडा उतरवावा लागला असता. त्यापेक्षा अंग भरलंय, उष्णता झालीय, आळसावलीय, हे शब्द सोयीचे होते. या शब्दांना पाणी भरता येतं.

त्या घराची रीत अशी की बाईनं आपलं आपण सांगायचं नाही. तिनं सासूला सांगायचं, सासूनं सासऱ्याला, आणि सासऱ्यानं आहे म्हटलं की मग ते आहे. गेल्या वर्षी सुनेनं ही रीत पाळली होती. तेव्हा ती नवीन होती. आत्याबाईंनी म्हाताऱ्याच्या कानावर घातलं. म्हातारा ओट्यावर बसून विळ्याला धार लावत होता. त्यानं सुनेकडं वरपासून खालपर्यंत बघितलं, जसं बाजारात बघतात तसं, आणि पुन्हा विळ्याकडं वळला.

"वायू आहे," तो म्हणाला. "काढा द्या."

काढा दिला. वायू गेला नाही. चाऱ्याचे भारे शेतावरून घरापर्यंत तिच्याच डोक्यावर येत राहिले. एक दिवस माळ्यावर भारा चढवताना शिडीवरच तिच्या कमरेतून कळ निघाली आणि ती तिथंच बसली. संध्याकाळपर्यंत गोठ्यामागच्या पोत्यांवर सगळं उरकलं. आत्याबाईंनी पाणी तापवलं, तिला पुसलं, काहीतरी जुन्या फडक्यात गुंडाळलं आणि फडकं घेऊन त्या बाहेर गेल्या. फावडं दगडाला लागल्याचा आवाज तिनं पडल्या पडल्या ऐकला. आत्याबाई परत आल्या तेव्हा त्यांच्या नखांत माती होती.

दुसऱ्या दिवशी ती रडत होती, तर म्हातारा दारात येऊन उभा राहिला. काय होतंय हिला, त्यानं विचारलं. आत्याबाईंनी हळू आवाजात सांगितलं की पोटातलं गेलं. म्हातारा हसला. वाईट हसला नाही. लहान पोराची समजूत काढताना मोठी माणसं हसतात तसा हसला. हेच तिला जास्त झोंबलं.

"गेलं काय? मी सांगितलं होतं ना, काही नाही म्हणून," तो म्हणाला. "जे नव्हतंच ते पडेल कसं?"

आणि विषय संपला. तिसऱ्या दिवशी तिच्या हातात विळा होता. रडायला कारण हवं, आणि कारणच नव्हतं असं ठरलं होतं. नवऱ्याला तिनं विचारलं, तुम्हालाही असंच वाटतं का? तो म्हणाला, बाबा म्हणतात म्हणजे काहीतरी असेल. ट्रॅक्टरच्या इंजिनात खुट्ट वाजलं तर कुठला नट सैल झालाय ते सांगणारा हा माणूस. बायकोच्या बाबतीत मात्र त्याला सगळं बाबांकडून कळायचं. त्या दिवसापासून तिच्या मनात या घराबद्दल जे बसलं त्याला राग म्हणत नाहीत. राग येतो आणि जातो. हिला ती माणसं पायताणाला लागलेल्या शेणासारखी वाटू लागली. चालताना अडचण, आणि खरवडायला वेळ नाही.

या खेपेला नवऱ्याला सांगितलं तेव्हा तो आधी खूष झाला आणि मग घाबरला. त्याच्या चेहऱ्यावर या दोन गोष्टी इतक्या पाठोपाठ आल्या की तिला हसू आलं. घाबरायला कारण होतं. दूध डेअरीचा मालक, सगळे त्याला डेअरीवाला म्हणत, त्याच्याशी म्हाताऱ्याचं बोलणं चाललं होतं. डेअरीवाला तांबडी घेणार होता, गाभण आहे म्हणून. बदल्यात तो मुलाला डेअरीच्या टेम्पोवर ड्रायव्हर म्हणून कायमचा ठेवणार होता. डेअरीच्या आवारात खोली देणार होता. खोलीच्या दारात नळ. अट एवढीच की बायकोनं दुधाचे कॅन धुवायचे. जोडपंच हवं, असं त्यानं स्पष्ट सांगितलं होतं. कॅन जड असतात, कामाला धडधाकट बाई पाहिजे.

"आधी डेअरीचं होऊन जाऊ दे," नवरा म्हणाला. "एकदा आत शिरलो की मग काय ते सांगू. तोपर्यंत बोलू नकोस."

"आणि पाणी?"

"थोडेच दिवस."

ते थोडे दिवस संपेनात. डेअरीवाला आज येतो, उद्या येतो. पण तिलाही ती खोली हवी होती. दारात नळ. नुसती चावी फिरवायची आणि पाणी. उतार चढताना ती मनातल्या मनात तो नळ फिरवायची, तेवढीच दोन पावलं हलकी व्हायची. म्हणून तीही गप्प राहिली. या घराला शिव्या घालता घालता आपणही त्यांच्यासारखंच वागतोय हे तिला कळत होतं, आणि ते कळणं तिला अजिबात आवडत नव्हतं.

शेजारी एक शिंपीण राहायची. नवरा नसलेली, तोंडानं फटकळ, पायानं मशीन हाकता हाकता सगळ्या वस्तीची मापं आणि भानगडी ठाऊक असलेली. सून कपडे सैल करून घ्यायला गेली तेव्हा तिनं काही विचारलं नाही. शिवण उसवली, कापड दिव्याकडं धरलं.

"दोन बोटं सोडते. पुढच्या महिन्यात परत येशील," ती म्हणाली. मग दातानं दोरा तोडून म्हणाली, "दवाखान्याच्या भिंतीवर लिहिलंय गर्भवती. तिथली नर्स म्हणते गरोदर. आम्ही आपलं म्हणतो पोटुशी. तुझ्या घरी काय म्हणतात?"

"काही म्हणत नाहीत."

"आणि गाईला?"

सून हसली. खूप दिवसांनी पोट धरून हसली, आणि हसता हसता पोट धरलंय हे ध्यानात येऊन गप्प झाली. शिंपिणीनं पैसे घेतले नाहीत. पुढच्या वेळी एकदम देशील म्हणाली.

एका सकाळी सून हौदात पाणी ओतत होती. तांबडी पाण्याकडं बघेना. दाव्याला हिसके देत होती, शेपटी वर करून उभी राहत होती, मान उंच करून हंबरत होती. एवढं पाणी पिणारी गाय पाणी सोडते म्हणजे काहीतरी आहे. सून मागं गेली. गाईच्या मागून काचेसारखा चिकट धागा लोंबत होता आणि शेपटीच्या गोंड्याला वाळून चिकटला होता. सून माहेरी गुरांतच वाढली होती. गाय माजावर आली आहे हे कळायला तिला तळवा दाबून डोळे मिटायची गरज नव्हती. माजावर आलेली गाय बहुतेक रिकामीच असते. महिनाभर ती ज्या पोटासाठी उतार चढत होती त्या पोटात चारा आणि पाणी याशिवाय काही नव्हतं.

ती तशीच हंडा घेऊन आत गेली. आत्याबाई चुलीपुढं होत्या. तिनं सांगितलं, गाय माजावर आलीय, स्वतः येऊन बघा. आत्याबाई उठल्या, गोठ्यात गेल्या, गाईच्या मागं उभ्या राहिल्या. बराच वेळ बघितलं. मग हातातल्या फडक्यानं गाईची शेपटी स्वच्छ पुसली आणि फडकं चुलीत टाकलं.

"गप बस," त्या म्हणाल्या. "ते म्हणालेत गाभण, तर गाभण."

"आत्याबाई, तुम्हाला दिसलं ना?"

"मला काय काय दिसतं ते मी कधी बोलून दाखवलंय का?"

म्हाताऱ्यालाही हंबरणं ऐकू गेलं होतंच. गाभण गाई कधी कधी ओरडतात, असं तो ओट्यावरूनच म्हणाला. ओट्यावरून उठून बघायला जावं असं त्याला वाटलं नाही. सुनेला वाटलं, जाऊन सांगावं त्याला तोंडावर. मग वाटलं, कशाला? एवढा हात आहे ना, दाबू दे. आणि दारातला नळ तिच्या डोळ्यांसमोर होताच. तिनं चुंबळ डोक्यावर ठेवली आणि ती रिकाम्या गाईसाठी पाणी आणायला खाली उतरली. अर्ध्या उतारावर पाय सरकला. कळशी गडगडत खाणीपर्यंत गेली आणि ती दोन्ही हात मुरमात रोवून बसली. तळव्यांना खडे टोचले होते. ती कान लावून बसावं तशी आपल्या पोटाकडं लक्ष देऊन बसली. काही दुखलं नाही. पण ती जी घाबरली ती तशी गेल्या वर्षी शिडीवरही घाबरली नव्हती, कारण अशा वेळी पुढं काय होतं ते तेव्हा तिला ठाऊक नव्हतं.

डेअरीवाला आला तो आठवड्याभरानं, टेम्पोतून, आणि बरोबर गुरांचा डॉक्टर घेऊन. म्हाताऱ्याला हे लागलं. माझा हात असताना डॉक्टर कशाला, तो म्हणाला. डेअरीवाला मोठ्या अंगाचा, सैल तोंडाचा माणूस. तो म्हणाला, आबा, तुमच्या हातावर विश्वास आहेच, पण विम्यासाठी लागतं. हे खोटं होतं हे सगळ्यांना कळलं आणि म्हाताऱ्यालाच तेवढं बरं वाटलं. त्यानं आपला विधी केला. तळवा, डोळे, श्वास, पाणी. पाण्याचा पेला सुनेनंच आणून दिला.

"आहे," म्हातारा म्हणाला. "पाचवा लागेल आता."

डॉक्टर तरुण होता आणि घाईत होता. त्यानं खांद्यापर्यंतचा हातमोजा चढवला, साबण लावला, सुनेला शेपटी धरून बाजूला ओढायला सांगितलं आणि हात आत घातला. तांबडी पाठ वाकवून उभी राहिली. डॉक्टर वर छपराकडं बघत होता. नवरा टेम्पोच्या मागच्या चाकाकडं बघत होता, जसं काही चाकालाच कुणी तपासतंय. आत्याबाई दारात होत्या.

"रिकामी आहे," डॉक्टर म्हणाला आणि त्यानं हात काढला. "ही राहिलेलीच नाही. हल्लीच माजावर येऊन गेली असेल. पुढच्या माजाला पुन्हा भरवा."

गाईनं शेण टाकलं, त्याचा तेवढा आवाज झाला. मग डेअरीवाला हसायला लागला. मनापासून हसला, पोट हलवत. म्हाताऱ्याचा चेहरा आधी पांढरा आणि मग लाल झाला. डेअरीवाल्यानं त्याच्या खांद्यावर थोपटलं. गाय राहू दे आबा, म्हणाला, गाय मला नको. पण टेम्पोला ड्रायव्हर हवाच आहे आणि कॅन धुवायला बाई हवीच आहे. पोरगा चांगला आहे. बाईही काटक दिसते. सोमवारपासून पाठवा दोघांना, खोली झाडून ठेवतो.

इथं म्हातारा गप्प बसला असता तर सगळं सुरळीत झालं असतं. गाय विकली गेली नसती, पण नोकरी मिळाली असती, खोली मिळाली असती. नवऱ्याच्या चेहऱ्यावर उजेडसुद्धा पडला होता. पण पारख्याला नोकरी नको होती, त्याला आपला हात हवा होता. तो डॉक्टरकडं वळला.

"होतं," तो म्हणाला. "माझ्या हाताला लागलं होतं. गाभडलीय ती."

डॉक्टर हातमोजा उलटा करून काढत होता. तसं काही दिसत नाही, एवढंच तो बोलला.

"तुम्हाला काय दिसणार," म्हातारा म्हणाला आणि त्यानं बोट केलं ते सरळ सुनेकडं. "हिनं घालवलं. मी हजारदा बजावलं होतं, गाय उतारावर न्यायची नाही. पाणी आणायचा कंटाळा म्हणून ही चोरून गाय खाली नेत असणार. पळवली असणार. चांगला चार महिन्यांचा गाभ पाडला या बाईनं."

सुनेच्या हातात अजून गाईची शेपटी होती. तिच्या तळव्यांवर उतारावरच्या खड्यांचे ओरखडे होते, मानेचा काटा हंड्यानं दुखत होता, आणि हा माणूस तिला सांगत होता की ती पाणी आणत नव्हती. तिनं नवऱ्याकडं बघितलं. त्यानं डोळ्यांनीच गप्प राहा म्हणून सांगितलं. सोमवार, असं त्याचे ओठ म्हणाले.

डेअरीवाल्याला हे सगळं गमतीचं वाटत होतं. "नेली होतीस का गं खाली?" त्यानं विचारलं. "नेली असशील तर हो म्हण आणि मिटव. आबांचा मान राहील. मला काय, गाय तर मी घेत नाहीये. सोमवारी कामाला या."

एक हो म्हणायचा अवकाश होता. हो म्हटलं की दारात नळ. सासू दूर, सासरा दूर, हा गोठा दूर. वर्षभर तिनं या घराच्या इतक्या खोट्या गोष्टींना गप्प राहून हो म्हटलं होतं, त्यात आणखी एक. आणि तिकडं जाऊन कॅन उचलायचे, भरलेले, आणि तिथंही गप्प राहायचं, आणि तिथंही एखाद्या दिवशी मागच्या पोत्यांवर उरकायचं. मग डेअरीवाला दारात येऊन विचारेल, काय होतंय हिला. तिनं शेपटी सोडली आणि हात झटकले.

"जे नव्हतंच ते पडेल कसं, मामंजी?" ती म्हणाली. "तुम्हीच सांगितलं होतं मला."

म्हाताऱ्याला पहिल्यांदा कळलं नाही. मग कळलं. त्याची मान ताठ झाली.

"गाईच्या पोटात काही नव्हतं तर ते मी पाडलं," ती पुढं म्हणाली. आवाज चढला नव्हता. पाण्याचा हिशेब सांगावा तसं सांगत होती. "आणि माझ्या पोटात होतं तेव्हा तो वायू होता. आताही आहे. चार महिने झाले. या गाईसाठी पाणी वाहतेय. मी पोटुशी आहे. ऐकू आलं ना सगळ्यांना? का गाभण म्हणू? तुमच्या घरात तो शब्द कळतो म्हणून विचारते."

डेअरीवाल्याचं हसणं बंद झालं. त्यानं तिच्या पोटाकडं बघितलं आणि मग नवऱ्याकडं. हे तू बोलला नाहीस, तो म्हणाला. नवरा काहीतरी पुटपुटला. मग कॅन कोण धुणार, डेअरीवाल्यानं विचारलं, आणि लगेच तो स्वतःच म्हणाला, बघतो मी दुसरं कुणी. म्हणजे गेली नोकरी. सुनेला ते तेव्हाच कळलं. दारातला नळ आपण स्वतःच्या हातानं बंद केला हे तिला पुरतं कळलं, पण तोंडातून निघालेलं तिला परत घ्यावंसं वाटलं नाही.

म्हातारा मात्र अजून लढत होता. नोकरी गेली त्याचं त्याला काही नव्हतं.

"गेल्या वर्षी काही नव्हतं," तो म्हणाला. "बाया काहीही बोलतात. कुणी पाहिलं होतं?"

"मी पाहिलं," दारातून आवाज आला.

आत्याबाई बोलल्या होत्या. म्हाताऱ्यानं त्यांच्याकडं असं बघितलं, जणू चूलच तोंड उघडून बोलली.

"मी पाहिलं," त्या पुन्हा म्हणाल्या. "माझ्या हातानं पुरलं. उकिरड्यापलीकडं, दगड ठेवलाय त्याच्याखाली. बोटं दिसत होती त्याला. उकरून दाखवू? की तुमचा हात लावून सांगता?"

डॉक्टरनं आपली पेटी उचलली. त्याला हे सगळं ऐकायचं नव्हतं आणि त्याचं बरोबरच होतं. जाता जाता तो सुनेला म्हणाला, दवाखान्यात नाव नोंदवून या, आणि उतारावरून ओझं आणू नका. हे त्यानं इतक्या साध्या आवाजात सांगितलं की तिला रडू आलं. वर्षभर कुणी तिला असं काही सांगितलं नव्हतं. टेम्पो गेला. मागं धूळ राहिली आणि धुळीत तिचा नवरा राहिला.

तो आत येऊन म्हणाला, एक मिनिट गप्प बसली असतीस तर. एवढंच म्हणाला आणि थांबला, पुढं काय म्हणायचं ते बाबांकडून कळायचं होतं. बाबा ओट्यावर बसले होते आणि आपला उजवा तळवा उलटासुलटा करून बघत होते.

"एक वर्ष गप्प बसले," सून म्हणाली. "आता तुम्ही पाणी आणा."

तिनं चुंबळ त्याच्या हातात दिली. आत्याबाईंनी हंडा उचलून त्याच्यापुढं ठेवला, कळशीही ठेवली. त्यानं आईकडं बघितलं, मग बायकोकडं. मग कळशी उचलली. हंडा त्याला डोक्यावर घेता येत नव्हता. आजवर त्याला तो कधी घ्यावाच लागला नव्हता.

गाईचा प्रश्न राहिला होता. हौद कोरडा पडला होता आणि तांबडी रिकाम्या हौदात नाक घालून फुरफुरत होती. कुणी उठेना तेव्हा म्हातारा स्वतः उठला. त्यानं दावं सोडलं, एक टोक मनगटाला गुंडाळलं आणि गाईला खाणीच्या वाटेला लावलं. महिनाभर बांधून, पाजून, खाऊ घालून माजवलेली ती गाय. पाण्याचा वास आला तशी ती निघाली. तिला उतार नवा नव्हता. सुट्या खड्यांवर पाय कसा रोवायचा हे तिला पक्कं ठाऊक होतं. म्हाताऱ्याला ठाऊक नव्हतं. तो हळू, हळू म्हणत मागून फरफटत गेला. एकदा गुडघ्यावर बसला, एकदा पार आडवा झाला, दावं सोडलं नाही तेवढं मानायचं. खाली जाऊन गाईनं खाणीत नाक बुडवलं आणि म्हातारा काठावर बसून कोपरातले खडे काढू लागला. त्याचा मुलगा अर्धी कळशी सांडत वर येत होता; बापाला हात द्यायला त्याचा हात मोकळा नव्हता.

शेजारची शिंपीण मशीन थांबवून दारात आली. काय झालं गं, तिनं विचारलं.

सून ओट्यावर, म्हातारा बसायचा त्याच जागी बसली होती. पाय पसरले होते, पाठ भिंतीला होती. खोली गेली होती, नळ गेला होता, सोमवार गेला होता, आणि उद्या चूल कशावर पेटायची हे कुणाला ठाऊक नव्हतं.

"काही नाही," ती म्हणाली. "मी पोटुशी आहे, आणि गाय नाहीये."

शिंपिणीनं उताराकडं बघितलं, म्हाताऱ्याला कोपर झटकताना बघितलं आणि ती तिथंच तिच्याशेजारी ओट्यावर टेकली. आत्याबाईंनी दोघींना चहा दिला. म्हाताऱ्याचा पेला त्यांनी तसाच पालथा ठेवला.